यांचा आवाज

जावयावर ओरडायचं नसतं म्हणे. हे ज्याने ठरवलं, त्याच्या जावयाने त्याचं काही पुसून टाकलं नसणार.

गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये यांचा आवाज कायमचा गेला. जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून यांनी स्वयंपाकघरात बसून रोजची वाक्यं टॅबमध्ये स्वतःच्या आवाजात भरून ठेवली. बटण दाबलं की हे बोलायचे. 'अगं, किल्ल्या कुठे ठेवल्यास?' 'मी काही म्हणालो का?' एकात मधेच खोकला, दुसऱ्यात कुकरची शिट्टी. भांडण झालं की 'मी काही म्हणालो का' हेच बटण दाबत सुटायचे, आणि मी आणखी भडकायचे.

रविवारी लेक-जावई आले. टॅबमधलं सॉफ्टवेअर जावयाच्याच कंपनीचं. "बाबा, नवीन आवृत्ती आलीय. आता काहीही टाइप करा, ते बोलेल. टाकून देतो," म्हणाले. मी भाजी चिरत होते. हात पुसून बाहेर येईपर्यंत टाकून झालंसुद्धा.

यांनी बटण दाबलं. विमानतळावर घोषणा करतात तसला गुळगुळीत आवाज आला, "अगं, किल्ल्या कुठे ठेवल्यास?"

यांनी दुसरं दाबलं. तिसरं दाबलं. मग टॅब उलटा करून पाहिला.

"यांचा आवाज कुठेय?" मी विचारलं.

"हा जास्त स्वच्छ आहे, आई. वाक्यं सगळी तशीच आहेत. एकही गेलं नाही."

"वाक्यं नाही विचारली मी."

जावयांनी टॅबकडे बोट दाखवलं. "ते आधी विचारतं, जुनी रेकॉर्डिंग ठेवायची का म्हणून. प्रत घ्यायला वेळ लागतो, मी 'नाही' दाबलं. बहुतेकांच्या टॅबमध्ये काहीबाहीच असतं हो."

"मग आणा परत."

"नाही येणार. त्याच जागेवर नवीन लिहिलं गेलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बहुतेकांच्या? घर झाडतानासुद्धा माणूस खाली पडलेलं आधी उचलून बघतो! आता यांचा घसा शिवून देणार आहेस का तू?"

लेक "आई!" म्हणून ओरडली. तो 'तू' मी मागे घेतला नाही.

"उद्याच बदलतो," जावई खाली बघत म्हणाले. "प्रत घेतल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असं करतो. सगळ्यांसाठी."

"कर ना. बैल गेला आणि झोपा केला!"

तेवढ्यात यांनी काहीतरी टाइप केलं. टॅब गोड आवाजात म्हणाला, "जाऊ दे गं. त्याने मुद्दाम केलं का? जेवायला वाढ."

इतक्या वर्षांत यांनी असं म्हटलं आणि मी गप्प बसले, असं कधी झालं नव्हतं. मी तोंड उघडलं, पण उत्तर कोणाला द्यायचं तेच कळेना.

"बंद करा ते," मी म्हणाले. "माझ्याच घरात कोण कुठला माणूस मला 'गं' म्हणतोय."