हवा बंद

शकीलच्या सोफ्याच्या कारखान्यात हवेवर चालणारी पिनांची गन आली, तेव्हापासून काम दुप्पट झालं आणि घरातली भांडणं त्याहून थोडी जास्त.

या गनला पुढे एक नाकाड असतं. ते लाकडावर दाबल्याशिवाय पिन सुटत नाही. हा बनवणाऱ्याचा शहाणपणा. ते नाकाड केळीच्या घडाच्या दोरीने मागे बांधून टाकायचं, म्हणजे घोडा दाबला की पिन बाहेर. हा जळगावचा शहाणपणा. त्यातली एक पिन कॅलेंडरात शिरली, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पुढची शकीलच्या अंगठ्यात शिरली. तेव्हा त्याची बायको शहजादी वरच्या मजल्यावरून खाली आली.

"आता अजून एक कुठे घुसली, तर गन भंगारात. मग बसा अब्बांसारखं तोंडात खिळे धरून हातोडी मारत."

अब्बांची कला शकीलला मान्य होती. पण अब्बांनी अधूनमधून खिळे गिळलेही होते. म्हणून त्याने वचन दिलं, की अडकलेली पिन काढण्याआधी हवा बंद करीन. दोरीबद्दल तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

भर मे महिन्यात फैजपूरचे रतिलालनाना सोफा न्यायला आले. त्यांच्या मयुरीला पाहायला दुसऱ्या दिवशी शिरपूरची मंडळी येणार होती. सोफ्याची मागची बाजू तेवढी राहिली होती. नाना सोफ्यावरच बसले, सोफ्याच्या हातावर उजवा हात टाकला आणि देखरेख सुरू केली.

"शकीलभाऊ, पाव्हणा रुतला नाही पाहिजे. मागल्या वेळी एक असा खाली गेला, की त्याले चहा वाकून द्यावा लागला."

"नाना, यावर हत्ती बसवा."

"हत्ती नको. शिरपूरवाले पुरे."

एवढ्यात गनमध्ये पिन अडकली. गनला हवा पुरवणारा कंप्रेसर आणि कूलर दोन्ही नानांच्या बाजूला. शकील मान खाली घालूनच म्हणाला, "नाना, हवा बंद करा जरा."

जळगावात मे महिन्याच्या दुपारी असं कोणी सांगितलं, तर माणसाने कारण विचारावं. पण नाना पडले भिडस्त. ते उठले, कूलरचं बटण दाबलं आणि परत बसले.

"केली."

शकीलने स्क्रू ड्रायव्हर घातला. बोट सवयीने घोड्यावरच होतं.

टक!

दोघांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे. मग नानांनी हात उचलायला घेतला, तर सोफाही किंचित उचलला गेला. पिनेने मनगट सोडून शर्टाचा कफ तेवढा पकडला होता.

"लागलं का, नाना?"

"मले नाही. पण शर्ट नवा आहे."

"हवा बंद केली होती ना?"

"केली ना! घामाने बठ्ठा भिजलो, दिसत नाही का?"

शकीलला आता कुठे कूलरची शांतता ऐकू आली. ती वरही ऐकू गेली होती. जिन्यावर पावलं वाजली.

"नाना, बोलू नका. माझी गन जाईल."

नाना शब्दाचे पक्के. ते पुतळ्यासारखे बसून राहिले. लाइट गेली का ते पाहायला आलेल्या शहजादीने पाहुण्याला आधी पाणी दिलं. नानांनी ग्लास डाव्या हाताने घेतला.

ती बघतच राहिली. "नाना, डाव्या हाताने?"

"उजवा उचलत नाही."

"कधीपासून?"

"आत्ताच."

नाना घामाने निथळत होते. खोटं न बोलता निभावलं म्हणून ते जरासे हसले. पण ते हसू एकाच बाजूने फुटलं.

"या अल्ला, लकवा!" शहजादी ओरडली. "शेजारच्यांना बोलवा! रिक्षा आणा!"

शेजारच्या टायरच्या दुकानातून दोन माणसं धावत आली. त्यांनी नानांच्या बगलेत हात घालून जोर लावला. नाना उठले. सोफा उठला.

"पाव्हणं लई जड आहे," एक जण म्हणाला.

शहजादीने कफ पाहिला, गन पाहिली, गनची दोरी पाहिली.

"वहिनी, चूक माही," नाना घाईने म्हणाले. "भाऊने हवा बंद कर म्हटलं, मी ती बंद केली," आणि त्यांनी डाव्या हाताने कूलर दाखवला.

"आणि तुम्ही न बघता विश्वास ठेवला?" तिने शकीलला विचारलं.

"नाना 'केली' म्हणाले ना."

"दोरीही नानांनीच बांधली?"

शहजादीने गनचा पाइप ओढून काढला. फुस्स झालं. पकडीने कफातली पिन काढून नानांना मोकळं केलं, कात्रीने गनची दोरी कापली. गनसोबत आलेला डोळे जपायचा चष्मा अजून भिंतीवर तसाच टांगलेला होता; तो काढून त्याची प्लास्टिकची पिशवी फाडली आणि तो डोळ्यांवर चढवला.

"भंगारवाल्याला बोलावू?" शकीलने पडेल आवाजात विचारलं.

"कशाला? गन चांगली आहे."

तिने पाइप जोडला, नाकाड लाकडावर नीट दाबलं. टक. थांबली, पाहिलं. टक. टक. पिनांची रांग सरळ जात होती. शकीलची कधी गेली नव्हती.

"वहिनी, आमचा दिवाणही करायचा आहे," नाना म्हणाले. "तो तुम्हीच करा."

शकीलने गनसाठी हात पुढे केला. शहजादीने मान वर केली नाही.

"वर कुकर लावलाय. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. स्वतः जाऊन करा."