वाऱ्याची खोली

उडायच्या निळ्या कपड्याची झिप तिच्या पोटापर्यंत सहज आली आणि छातीशी अडली.

"श्वास आत घ्या, ताई," उडायला शिकवणारी बाई म्हणाली. चाळिशीची असावी, केस घट्ट बांधलेले. तिने श्वास घेतला, झिप गळ्यापर्यंत गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पहिल्यांदा सगळेच घाबरतात, असं सांगून त्या बाईने तिचा खांदा थोपटला. भीती नव्हतीच. दुखत होतं. काल रात्रीपासून छाती दगडासारखी झाली होती.

तयार कपड्यांच्या कारखान्यात ती काजं पाडायची. बाळंतपणानंतर अर्धा दिवसच जात होती. सोमवारपासून पूर्ण दिवस जायचं होतं, आणि मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला तरी त्याचं अंगावरचं दूध सुटलं नव्हतं. ताटली पुढे केली की तोंड फिरवायचा. ती कामावरून आली की तिला चपला काढायचीही उसंत द्यायचा नाही. घरात त्याला मुंगळाच म्हणायचे. तुटेल, पण सोडणार नाही. कडू औषध लावून झालं. मुंगळ्याने तोंड वेडंवाकडं केलं, तिच्याच ओढणीला ते पुसलं आणि पुन्हा प्यायला लागला.

शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं. तीन दिवस घराबाहेर जा. तू डोळ्यांसमोर असलीस तर जन्मात सुटायचं नाही त्याचं. रडेल, घर डोक्यावर घेईल, मग विसरेल. माझी तिन्ही अशीच सुटली.

बोलण्यात राग नव्हता. तिची बॅगही सासूबाईंनीच भरली. पण 'विसरेल' हा शब्द तिच्या डोक्यातून जात नव्हता.

शेजारच्या मशीनवरची मैत्रीण सोबत आली. बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून कारखान्यात तिला सगळे बुलेट म्हणत. माहेरी गेलीस तर आईच्या गळ्यात पडून रडत बसशील, त्यापेक्षा शहर बघू, असं तिचं म्हणणं. वाऱ्यावर उडायची टूमही तिचीच.

घरी फोन करायचा नाही असं ठरलं होतं. आवाज ऐकून मूल बिथरलं असतं. नवरा दोन शब्दांचे निरोप पाठवायचा. 'ठीक आहे.' त्या 'ठीक आहे'मागे किती रडणं असेल, याचा ती हिशेब मांडत बसायची. आज सकाळी तिने मनाशी पक्कं केलं. संध्याकाळच्या बसने परत जायचं. सासूबाई काय म्हणतील ते म्हणोत. बुलेटला सांगितलं, तर ती नेहमीसारखी तडतडली नाही.

"जा," म्हणाली. "पण आधी उडून घे."

वाऱ्याची खोली म्हणजे काचेची उभी, गोल नळी होती. तळाला जाळी आणि जाळीखालून वर येणारा वारा. आवाज इतका की बोललेलं काही ऐकू येत नसे, म्हणून सगळं खुणांवर. शिकवणारीने करंगळी आणि अंगठा हलवला की अंग सैल सोडायचं. हात पसरून, हनुवटी वर करून पालथं पडायचं, मग वाराच उचलतो. हात आत घेतले की खाली.

बुलेट आधी गेली. गाल फडफडत होते, तोंड मिटत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. बाहेर आली तेव्हा घसा बसला होता.

मग तिची पाळी. शिकवणारीने तिला वाऱ्यावर आडवं केलं आणि हळूच हात काढून घेतला. ती तरंगली. आणि तिचे हात आपोआप कोपरात वाकून छातीशी आले. ती जाळीवर टेकली. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. शिकवणारीने सैल सोडायची खूण केली. तिने मान डोलावली आणि पुन्हा हात मिटले. बाईला वाटलं असेल, भीतीने आवळतेय. पण घाबरलेले हात असे नसतात. डावा कोपर डोकं ठेवायला वाकला होता आणि उजवा तळवा पाठीवर थोपटायला.

चौथ्यांदा शिकवणारीने तिची दोन्ही मनगटं धरली, बाजूला पसरली आणि तशीच धरून ठेवली. मग एकेक सोडलं.

ती वर गेली. हातांत काही नव्हतं. दोन वर्षांत एवढे रिकामे हात तिने कधी पाहिले नव्हते. वाऱ्याने तिला डोक्याइतकं उंच नेलं, सावकाश फिरवलं, आणि तिथे, काहीच न करता, तिला पान्हा फुटला. तिने हात मिटले नाहीत.

बाहेर आली तेव्हा निळ्या कपड्यावर दोन गडद डाग होते. शिकवणारीने ते पाहिले.

"केवढा आहे?"

"दोन वर्षांचा."

"माझ्याला आता मिशा आल्यात," असं म्हणत तिने स्वतःच झिप खाली घेतली, अगदी सांभाळून. बुलेटने अंगातलं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं.

बाहेर फुटपाथवर उभं राहून तिने नवऱ्याला फोन लावला, मी येतेय म्हणून सांगायला. ती काही बोलायच्या आधीच तो कुजबुजत सांगायला लागला. मुंगळा झोपला होता. दुपारी वाटीभर भात खाल्ला, आजीच्या मांडीवर आडवा झाला आणि न रडता झोपला.

"आज विचारलंच नाही त्याने," नवरा म्हणाला. त्याला आनंद झाला होता, आणि तो लपवायचा प्रयत्नही करत होता. "तू येऊ नको असं नाही म्हणत मी. पण आलीस तर सगळं पहिल्यापासून."

बस सुटायला बराच अवकाश होता.

"भात गरम होता ना?" तिने विचारलं. मग म्हणाली, "परवाच येते."

लॉजच्या खोलीवर आल्यावर ती न्हाणीघरात गेली. कडी लावली आणि बेसिनवर वाकली. दुखत होतं तोवर पिळलं. पांढऱ्या बेसिनमध्ये ते दिसतही नव्हतं नीट. हुंदका आला तसा तिने नळ मोठा सोडला. बाहेर बुलेटने टीव्हीचा आवाज वाढवला.

तिने शेवटचं पिळलं, हाताने पाणी फिरवून बेसिन स्वच्छ धुतलं आणि काठाला टेकून, नळ तसाच चालू ठेवून, थोडा वेळ उभी राहिली.