पहाटेची तुकडी

भट्टीवाल्याचं रात्रीचं जेवण आणि त्याच्या लेकीचा नाश्ता एकाच टेबलावर, एकाच वेळी व्हायचा. रात्रभर बेकरीत भट्टीपुढे उभं राहून हा उजाडताना घरी यायचा आणि थोड्या वेळाने ती शाळेला पळायची. ती परत येईपर्यंत हा पीठ मळायला गेलेला असायचा. सुट्टीच्या दिवशी म्हणाल, तर हा गडी जो आडवा व्हायचा तो अंधार पडेपर्यंत. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. रात्री पोरीला सोबत म्हणून समोरच्या काकू आपलं दार उघडं ठेवून झोपायच्या. म्हणजे बाप-लेकीची गाठ पडायची ती त्या टेबलाशीच.

तो तिला ठमी म्हणायचा. घरात शिरला की कागदात गुंडाळलेला गरम ब्रेड तिच्या गालाला लावायचा. "उठा ठमाबाई, सूर्य म्हातारा झाला!" ती कुरकुरायची, उशीत तोंड खुपसायची, पाच मिनिटं मागायची. मग दोघं खायला बसायची आणि बडबडीला ऊत यायचा. मालकाने कोणाला झापलं, कोणी ट्रेभर पाव करपवले, वर्गात कोणाचं कोणाशी बिनसलं. रात्रभर भट्टीच्या घरघरीत याच्याशी बोलायला कोण होतं? हे सगळं तो तिच्यासाठी साठवून आणायचा.

आणि त्यात ते क्लासचं उपटलं.

ठमीला पंधरावं लागलं होतं. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला अजून दोन वर्षं तरी होती. पण मैत्रिणी क्लासला जायला लागल्या, म्हणून तिने विचारलं आणि तो क्लासच्या बाईंना भेटून आला. बाई सरळ होत्या. "आत्ता बसवलंत तर रमतगमत होईल. पुढच्या वर्षी बसवलंत तर धावपळ होईल, पण मुलगी हुशार आहे, निभावेल. तुम्ही ठरवा."

"संध्याकाळी जमेल ना?" त्याने विचारलं.

"संध्याकाळची तुकडी मोठ्या मुलांची. हिच्या वयाची पहाटेची. उजाडायच्या आत यायचं आणि इथूनच परस्पर शाळेत."

झालं! म्हणजे टेबलाशी पडायची ती गाठही संपली. बाईंना 'विचार करून सांगतो' म्हणाला खरा, पण जिना उतरेपर्यंत याचा विचार करून झालेला होता.

"पुढच्या वर्षी बघू," त्याने दुसऱ्या दिवशी जेवताना जाहीर केलं. "आत्ता झोपायचं वय आहे तुझं. एवढ्या पहाटे उठून आजारी पडलीस म्हणजे?"

"बरं," ठमी म्हणाली आणि ब्रेडला लोणी लावायला लागली. ना रुसवा, ना फुगवा.

त्याची बहीण मात्र फोनवर कडाडली. "अरे, पोरीला काय आंबा म्हणून अढीत ठेवलीयस? पिकेल तेव्हा काढणार? आत्ता नाही तर कधी?"

"ताई, तिचं बालपण आहे ना!"

"तिचं बालपण की तुझं?" असं म्हणून ताईने फोन आपटला. ताई तोंडाची फाटकी, पण या वेळी घाव वर्मी बसला होता. याने मात्र कान झाडले आणि झोपून टाकलं. माणूस वाईट नव्हता हो. भित्रा होता.

पुढे बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. मग एकदा बेकरीतलं पीठ मळायचं मशीनच बसलं, हाताने मळून मळून किती मळणार, आणि मालकाने सगळ्यांना लवकर सोडलं. हा घराखाली आला तेव्हा अजून पुरता अंधार होता. वर बघतो तर खोलीत दिवा. पोरीला बरं नाही की काय? दोन-दोन पायऱ्या चढत तो दारापाशी आला, किल्ली काढली, आणि आतून बोलण्याचा आवाज आला.

"आता सांग, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत वर पोचला की त्याचा वेग किती?" ठमीचा आवाज, पण शिक्षिकेसारखा करडा. मग लगेच तिचाच, नेहमीचा: "शून्य, बाई." पुन्हा करडा: "शून्य कसा? नीट समजावून सांग सगळ्यांना." आणि मग ती समजावून सांगायला लागली. कोणाला? खोलीत ती एकटीच होती.

त्याला आधी हसूच आलं. मग ध्यानात आलं. एवढा मोठा क्लास ती एकटीच भरवत होती. बाईही तीच, मुलंही तीच.

किल्ली त्याने खिशात टाकली. पाय न वाजवता खाली उतरला आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला. थंडी मी म्हणत होती. हळूहळू उजाडलं, दूधवाला गेला, आणि रोज हा बेकरीतून येताना कोपऱ्यावर दिसायचा त्या सुमाराला वरचा दिवा पटकन मालवला गेला.

हे मात्र त्याला अपेक्षित नव्हतं. अभ्यास संपला म्हणून कोणी एवढ्या घाईने दिवा मालवत नाही. ती पांघरुणात शिरली होती, याने येऊन उठवावं म्हणून. किती महिने हे चाललं होतं कोण जाणे. बापाला लेकीला उठवायला आवडतं, तेवढं त्याला मिळावं म्हणून ही कार्टी रोज उठून, अभ्यास करून, पुन्हा झोपेचं सोंग घेत होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पायरीवरून उठवेना.

वर गेल्यावर त्याने ब्रेड टेबलावरच ठेवला. "ठमे, डोळे उघड. जागी आहेस, माहीत आहे मला. आज क्लासला नाव घालायचंय."

ती ताडकन उठून बसली. "पुढच्या वर्षी म्हणाला होतास ना?"

"चुकलं माझं. आत्ताच जायचं."

तिचे डोळे चमकले, आणि लगेच विझले. "मग तू जेवणार कोणाबरोबर?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? जेवेन की!"

पुढच्याच आठवड्यात ती जायला लागली. पहिल्या दिवशी हा घरी आला, हात-तोंड धुतलं, वाढून घेतलं, टेबलाशी बसला. रात्री बेकरीत एका नव्या पोऱ्याने मिठाच्या जागी साखर ओतली होती. मोठीच गंमत झाली होती. ती गंमत तोंडात घोळवत तो एक-एक घास गिळत होता, आणि तेवढ्यात फोन वाजला. क्लास सुटला होता. मागे पोरापोरींचा नुसता गलका.

"बाबा, जेवलास?"

"जेवतोय. झकास चाललंय."

"एकटाच?"

"छे गं! आत्याशी बोलतोय ना फोनवर. ती सोडते होय!"

"मग माझा फोन कसा लागला?"

त्याने घाईघाईने पुढचा घास तोंडात कोंबला. मग लांबून कोणीतरी तिला हाक मारली, पुन्हा मारली.

"जा," तो म्हणाला. "जा ठमे, बोलावतायत तुला."