व्याह्यांचा ढीग

डॉक्टरांनी यानसायला कच्चा चहा बंद केला, तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. मग लेकीला म्हणाला, "त्यापेक्षा श्वास बंद करायला सांगायचं होतं."

लेक, यूखान, हसली नाही. बापाच्या पोटात व्रण झाला होता. रक्ताची उलटी झाल्यावर शेजाऱ्यांनी त्याला बुलांग डोंगरावरून खाली मेंगहाय शहरात आणून टाकलं होतं. आता हिंडता-फिरता झाला असला, तरी वर घरी बघायला कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे बरं वाटेपर्यंत लेकीकडेच राहायचं, आणि लेकीकडे म्हणजे व्याही फानच्या घरात. यानसायला पोटापेक्षा हेच जास्त दुखत होतं.

फान पक्का चहा करायचा. घराच्या मागं मोठी पत्र्याची शेड होती. तिथं उन्हात वाळवलेल्या पत्तीचा ढीग घालून, त्याच्यावर पाणी शिंपडून, गोणपाटाखाली तो महिना-दीड महिना आंबवायचा. यानसायच्या दृष्टीनं हा चहा करणं नव्हतं, चहा नासवणं होतं. त्याच्या गावात चहा कच्चाच, न आंबवता प्यायचे: पत्ती खापराच्या भांड्यात निखाऱ्यावर भाजायची, वर उकळतं पाणी ओतायचं आणि तो कडूजहर अर्क उपाशीपोटी घशाखाली उतरवायचा, तेव्हा कुठं दिवस उजाडायचा. लग्नातच दोघांचं वाजलं होतं. यानसायनं मोठ्या मानानं आपल्या झाडांचा चहा पुढं केला, आणि फान एक घोट घेऊन म्हणाला, "छान आहे. दहा वर्षं ठेवला तर पिता येईल." त्यानंतर सहा वर्षं दोघं सणासुदीला भेटत होते ते फक्त नमस्कारापुरते.

राहायला आला त्याच दुपारी फाननं त्याच्यासमोर पेला ठेवला.

"घ्या व्याहीबुवा. पोटाला मऊ आहे. डॉक्टर याला नाही म्हणाले नाहीत."

"काय आहे हे?"

"चहा."

"रंगावरून ओळखलं नाही. आमच्याकडे असलं पाणी म्हशींच्या डबक्यात असतं."

"तुमच्या म्हशी धडधाकट आहेत," फान म्हणाला. "आजारी तुम्ही पडलात."

यानसायनं पेला बाजूला सारला आणि गरम पाणी मागितलं. पुढं रोज तेच. फान पेला ठेवायचा, यानसाय तो सारायचा. दोघांचंही कधी चुकलं नाही.

एका दुपारी यूखान बापाच्या खोलीत कपडे ठेवायला गेली. यानसाय खाटेवर पाठमोरा बसला होता. गावाहून आणलेली पत्तीची पिशवी त्यानं मांडीवर उघडली होती आणि तोंड त्या पिशवीत घालून तो नुसता वास घेत होता. ती तशीच मागं फिरली. स्वयंपाकघरात फान बांबूचे कोंब सोलत बसला होता. तिनं त्याच्यासमोर बसून एक कोंब उचलला आणि डोळे पुसत पुसत सोलायला लागली.

"कोंब तिखट नसतात, पोरी," फान म्हणाला.

तिनं मग पाहिलेलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवताना फाननं विषय काढला.

"व्याहीबुवा, तुमच्या झाडांची थोडी पत्ती द्या मला."

"कशाला?"

"ढीग घालतो. पक्का झाला की तुम्हांला चालेल. झाड तुमचंच असेल."

यानसायनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "ती झाडं माझ्या पणज्यानं लावलीत. उकिरड्यावर टाकायला नाही लावली."

"उकिरडा नव्हे, ढीग."

"वाफ दोन्हीतून येते."

"बाबा," यूखान मध्ये पडली, "मामंजींकडे लोक पत्ती घेऊन येतात आणि शेडच्या दारात ताटकळत बसतात. त्यांनी आपण होऊन कुणाकडे मागितलेली मी आजवर पाहिली नाही. तुमच्याकडे मागताहेत."

लेकीच्या तोंडाकडे बघून यानसायनं एक पोतं मागवून दिलं. एकच.

पोतं बघून फाननं डोकं खाजवलं. "ढिगाला पोट लागतं हो. पत्तीची ऊब पत्तीला लागते, तेव्हा ती पिकते. एवढ्याशा पत्तीला थंडी भरेल." पण मागितलेलं त्यानंच होतं, म्हणून करायलाही बसला. पत्ती भिजवून त्यानं वेताच्या टोपल्यात दाबली, टोपल्याला जुनी गोधडी गुंडाळली आणि चुलीशेजारी ठेवली. रोज तो टोपल्यात हात घालून बघायचा आणि हात बाहेर काढला की त्याचा चेहरा आणखी थोडा उतरलेला असायचा. शेवटी एके सकाळी गोधडी उघडली तर आतून ओल्या बुटासारखा वास आला. पत्ती बुळबुळीत झाली होती. फाननं टोपलं उचललं आणि केळीच्या बुंध्याशी नेऊन उपडं केलं.

यानसाय ओसरीवरून बघत होता. या प्रसंगासाठी त्यानं चांगलं खवचट वाक्य घोळवून तयार ठेवलं होतं. पण फान नळाशी उकिडवा बसून टोपलं घासत होता, घासतच राहिला, टोपलं केव्हाच स्वच्छ झालं होतं तरी. मग मागं न वळता म्हणाला, "पत्ती उत्तम होती. माझ्या हातून गेली."



दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता यानसायनं गावाकडची सकाळची बस पकडली. यूखान दिवसभर फोन लावत होती, तो उचलत नव्हता. संध्याकाळी दारात टेम्पो येऊन थांबला. पुढं ड्रायव्हरशेजारी यानसाय, आणि मागं त्याच्या झाडांची वसंतातली सगळी पत्ती, पोती एकावर एक रचलेली.

फान बाहेर आला. पोत्यांकडे बघितलं, व्याह्याकडे बघितलं. "सगळी?"

"सगळी."

"अहो, पण वर्षाच्या कमाईचं काय?"

"वर्षाचं मी बघतो. ढिगाला पोट हवं होतं ना तुमच्या? हे घ्या. माझं तर कामातून गेलंय, याचं तरी भरा."

यानसाय नुसता पत्ती देऊन थांबला नाही. फान फरशी धुवायला लागला तसा त्यानं खराटा घेतला. पत्ती पसरली, तिच्यावर फान झारीनं पाणी शिंपडत गेला आणि यानसाय फावड्यानं खालची वर करत गेला. कमरेएवढा ढीग झाला. त्यावर ओली गोणपाटं, गोणपाटांवर गोधड्या. यानसाय गोधड्यांच्या कडा आत खोचायला लागला, तसा फान म्हणाला, "बाळंतीण आहे का ती?"

"तुमच्या हातून एक गेलंय," यानसाय म्हणाला. "मी लक्ष ठेवणार."

आणि त्यानं खरंच लक्ष ठेवलं. शेडच्या दाराशी खुर्ची टाकून दिवसभर बसायचा. दोन दिवसांत ढीग तापला. गोणपाटाच्या फटींतून वाफ यायला लागली आणि सगळ्या परसात आंबलेल्या भाताचा, ओल्या मातीचा, कुठंतरी गुळाचाही वास पसरला. यानसायला तो वास आवडत नव्हता. तरी सकाळी उठल्या उठल्या आधी वास येतोय ना ते तो बघायचा.

पहिल्यांदा ढीग उलथायची वेळ जवळ आली आणि नेमका फान ओल्या फरशीवरून घसरला. कंबरेत अशी लचक भरली की त्याला चौघांनी उचलून खाटेवर नेलं. फानचा मुलगा, यूखानचा नवरा, माल पोचवायला कुनमिंगला गेलेला. डॉक्टरांनी सांगितलं, हलायचं नाही. फाननं खाट खिडकीशी सरकवून घेतली, कारण खिडकीतून शेड दिसायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तिथूनच हाक मारली. "व्याहीबुवा, वास बदललाय का हो?"

"मला काय कळतंय? कुजल्याचा होता, कुजल्याचाच आहे."

"नीट बघा. भाताच्या पेजेसारखा, की भात करपल्यासारखा?"

यानसायनं गोणपाट उचललं. वाफेचा भपकारा तोंडावर आला. तो थोडा वेळ वाकून उभा राहिला. "करपायच्या बेतात आहे," तो ओरडला.

"हात घाला आत. कोपरापर्यंत."

यानसायनं हात घातला आणि लगेच ओढून काढला. "भाजतोय."

"अरे मग बघत काय बसलास, उलथ," खिडकीतून फान ओरडला. "पोटातून जळायला लागलाय तो. जळला की कोळसा होईल, मग काही उपाय नाही. मधली पत्ती बाहेर, बाहेरची आत. गुठळ्या फोड. यूखान, फावडं घे पोरी."

"मला अरे म्हणतोस?" यानसाय म्हणाला, पण फावडं त्याच्या हातात आलं होतं.

बापलेक दोघं ढिगाला भिडली. मधली पत्ती अंगारासारखी तापली होती, काळपट, चिकट, गोळ्यागोळ्यांनी एकमेकीला धरून बसलेली. फावड्यानं गोळे फुटेनात, तेव्हा यानसाय गुडघ्यांवर बसून हातांनी फोडायला लागला. वाफेनं त्याचा सदरा अंगाला चिकटला. मधूनमधून यूखान थाळीत मूठभर पत्ती घेऊन खिडकीपाशी धावायची, फान मान वळवून हुंगायचा आणि हुकूम सोडायचा. "अजून वर खाली करा. इथं एक चमचा पाणी नाही, कोरडं पडलंय. शिंपडा. एवढं नको, भाजीला घालतात तेवढं."

"तुझ्या भाजीला की आमच्या?" यानसाय शेडमधून ओरडला.

"तू फोड रे गुठळ्या, गप्प."

दिवस कलला तेव्हा ढीग पुन्हा नीट रचून झाला होता, उबदार, पण पोळत नव्हता. यानसायच्या तळहातांना फोड आले होते. तो खिडकीशी आला, हात आत धरून दाखवले. फाननं ते हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि सुनेला म्हणाला, "माझ्या कंबरेचं मलम आण. याला लाव."

"कंबरेचं मलम हाताला?"

"तोंडाला लावावं असं वाटतंय, पण हाताला लाव."

फान पुढं बरेच दिवस पडूनच होता. ढीग यानसायनं सांभाळला, फाननं खिडकीतून सांभाळून घेतला. दर आठ-दहा दिवसांनी उलथायचा, गुठळ्या फोडायच्या, झाकायचं. आंबूस वास हळूहळू मागं पडला. पत्ती तांबूस-काळी झाली, ओल्या खजुरासारखा वास यायला लागला. मग गोधड्या काढल्या, पत्ती चर पाडून फरशीवर वाळायला पसरली. तोवर फान काठी टेकत शेडमध्ये यायला लागला होता. यानसायला वाटलं, आता लगेच प्यायची. फाननं ती पोत्यांत भरून कोरड्या खोलीत टाकली.

"अंगाला ढिगाचा वास आहे अजून. निवू दे तिला."

"किती?"

"पावसाळा सरू दे."

पाऊस थांबला, भातं कापणीला आली, तेव्हा फाननं एक दिवस जेवण झाल्यावर पोतं उघडलं. लहानशा मातीच्या किटलीत चिमूटभर पत्ती टाकली, उकळतं पाणी ओतलं आणि ते पहिलं पाणी सरळ फेकून दिलं.

"अरे, चहा फेकलास."

"आंघोळ घातली तिला." त्यानं पुन्हा पाणी ओतलं, जराही न थांबता पेल्यात काढलं. पेल्यात काळोखी लाल रंग उतरला, कडेला उजेड धरला की डाळिंबासारखा.

यूखान दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. यानसायनं पेला दोन्ही हातांत धरला. तो पेला सारून द्यायची सवय त्याच्या हाताला इतकी होती, की क्षणभर हात अडखळला. मग त्यानं घोट घेतला.

मऊ होतं. तांदळाच्या पेजेसारखं जाडसर, न ओरबाडता घशाखाली गेलं. गोडसर, खजुराचं, जुन्या लाकडाचं. चांगलं होतं, पण ते कुणाचंही असू शकलं असतं. त्याला आतून जरासं खट्टू वाटलं आणि ते व्याह्याला दिसू नये म्हणून त्यानं दुसरा घोट घेतला. फान त्याच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी ओतत होता. तिसऱ्या पाण्याला, घोट गिळून झाल्यावर, जिभेच्या मुळाशी काहीतरी हललं. बारीक कडू. पाठोपाठ घशातून वर येणारी ती मधाळ गोडी, जी त्याच्या उत्तरेकडच्या उतारावरच्या झाडांना येते आणि जिच्यासाठी तो आयुष्यभर उपाशीपोटी चहा प्याला होता.

"आहे," तो म्हणाला.

"काय?"

"आमचं कडू. बुडाशी बसलंय. पण आहे."

फाननं मान हलवली. "मला पहिल्याच घोटाला लागलं होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

यूखान आत निघून गेली. नाक शिंकरल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला, पण दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. त्या दुपारी ती एकच चिमूट त्यांनी पाणी फिकं पडेपर्यंत पुरवली. पोट दुखलं नाही.

भाताची कापणी झाल्यावर यानसाय आपल्या घरी निघाला. पिशवी भरता भरता व्याह्याला म्हणाला, "चल. झाडं तरी बघून ये. सहा वर्षांत पाय लावला नाहीस."

"बोलावलं कुणी होतं?"

"आता बोलावतोय."

फान गेला. रस्ता संपल्यावरची चढण त्यानं काठी टेकत, दर वळणावर बसत काढली. गावातल्या म्हाताऱ्यांनी दोघांना येताना पाहिलं आणि चावडीवरून कुणीतरी हाळी दिली, "यानसाय, सडक्या चहाचा व्याही आणलास काय रे?"

"आणलाय," यानसाय म्हणाला. "घरी या सगळे. चहा ठेवतो."

आले सगळे. चुलीभोवती दाटीवाटीनं बसले. यानसायनं पहिलं पाणी ओतलं आणि फेकलं, तेव्हा म्हाताऱ्यांत कुजबूज झाली. एकानं पेल्यात बघून तोंड वाकडं केलं, एकानं पिऊन पेला पुन्हा पुढं केला. यानसाय सगळ्यांना सांगत होता, ढिगाला पोट कसं लागतं, तो पोटातून कसा जळतो, गुठळ्या हातानंच कशा फोडाव्या लागतात. तळहात दाखवत होता. सांगताना निम्मं चुकत होता.

फान भिंतीला कंबर टेकून बसला होता. त्यानं एकदाही दुरुस्ती केली नाही. मधेच वाकून फक्त यानसायच्या कानाशी म्हणाला, "पुढच्या वसंतात मी वर येतो, पत्ती खुडायला. झाडावर चढवशील ना मला?"

"तुझी कंबर?"

"तू खालून धर."