भिंतीपुढची एकटी सोंगटी

"सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. खऱ्या गोष्टीचं हेच तर दुखणं आहे," मशीनबाबा म्हणाले आणि त्यांनी बॅकगॅमनचा, फासे-सोंगट्यांच्या त्या खेळाचा, पट मांडला.

समोर नवाकोरा नातजावई. लग्नानंतर पहिल्यांदाच आजेसासरी आलेला, म्हणून कान टवकारून बसलेला. शेजारी नात. तिची ही गोष्ट ऐकून ऐकून पाठ झालेली. आजी आत भांडी घासत होत्या.

बाबा तेव्हा नदीवरच्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळत. नदी इतकी रुंद, की या काठाला दाढी करून निघालेला माणूस त्या काठाला खुंट वाढवून उतरायचा. एक फेरी म्हणजे एक डाव. इंजिनाच्या कोमट झाकणावर पट, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला सुकाणू सांभाळणारा सारंग.

"आणि बोट कोण चालवायचं?" नातजावयाने विचारलं.

"जावईबापू, सुकाणू दोरीने बांधलेलं असायचं. बोटीला वाट पाठ होती. चुकून आम्ही सुकाणूला हात लावला तर ती रुसायची."

सारंग दांडगा खेळाडू. सोंगट्या वाऱ्यावर सोडायचा, मार खायचा, खदाखदा हसायचा. बाबा मात्र ताकही फुंकून पिणारे. त्यांच्या सोंगट्या कायम जोडीजोडीने, कारण एकटी सोंगटी सापडली की समोरचा तिला मारून पटाबाहेर बसवतो, आणि जोडी बसलेल्या घरात मात्र त्याला पाऊल ठेवता येत नाही. "अरे, जोडीने फिरवायला त्या काय शाळेच्या पोरी आहेत?" सारंग चिडवायचा. ते हसणं आठवलं की बाबांच्या नाकात अजून डिझेलचा वास येई.

मग नदीवर पूल झाला. बोट लांबच्या एका बंदराला विकली गेली. नव्या मालकाला एकच माणूस हवा होता, इंजिन आणि सुकाणू दोन्ही बघणारा. दोघांनाही दोन्ही येत होतं आणि दोघांनाही बोटीशिवाय जगणं ठाऊक नव्हतं. मग ठरलं, शेवटच्या फेरीत शेवटचा डाव. जिंकेल तो बोटीबरोबर जाईल, हरेल तो काठावर राहील.

"त्या दिवशी धुकं असं, की लोकांनी त्यावर कोट टांगून ठेवले होते," बाबा म्हणाले. "बोट धक्क्याला लागली तरी डाव सोडून एक माणूस उतरेना. पोस्टमन टपाल विसरला, दाताचा डॉक्टर पेशंट विसरला. पेशंट बोटीतच होता, तोही दात विसरला."

डाव असा आला. सारंगाची सगळ्यात मागे राहिलेली सोंगटी बाबांच्या सलग पाच घरांच्या भिंतीला नाक लावून अडकलेली. सहा पडला तरच ती भिंतीवरून उडी मारणार. बाबांना फासे पडले तीन-एक. सोंगट्या आतल्या आत जोडीने सरकवल्या तर कुणाला धक्का नाही, पण भिंत पाचाचीच राहणार. नाहीतर भिंतीच्या पुढच्या टोकाला एक सोंगटी एकटी टाकायची. ती वाचली तर पुढच्या खेपेला तिच्यावर दुसरी ठेवून भिंत सहाची, आणि सारंग कायमचा कोंडला.

"आणि मारली गेली तर?"

"सहानेच मारली जाणार ना? सहा पडला तर तो असाही पळणारच. शिवाय त्याच्या घरात एवढी भगदाडं, की मार खाल्लेली सोंगटी शीळ घालत परत आत आली असती. म्हणजे धोका दिसायला वाघ, आत मांजर."

इथे बाबांचा हात थबकला. बोटांत सोंगटी तशीच राहिली. हे गणित त्यांना झोपेतून उठवलं तरी तोंडपाठ. दरवेळी गोष्ट इथवर आली की ते चहा मागायचे आणि पट मिटायचे. पण आज समोर नवा माणूस होता, आणि त्याचे डोळे सोंगटीवर खिळले होते.

बाबांनी ती टाकली. भिंतीपुढे, एकटी.

नात सरळ होऊन बसली. हे तिनेही कधी ऐकलं नव्हतं.

"सारंगाने फासे फेकले," बाबांचा आवाज चढला. "एक पडला पाच. दुसरा कोपऱ्यावर उभा राहिला! गरगर गरगर, बसेचना. सहा वर येतोय असं दिसलं आणि तेवढ्यात डॉक्टरला शिंक आली. फासा कलंडला. चार! मी भिंत पुरी केली. सारंग उठला, मला मिठी मारली, म्हणाला, लेका, आज खरा खेळलास. घे बोट!"

"म्हणजे तुम्ही जिंकलात!" नातजावयाने टाळी दिली.

आतलं भांडं घासणं थांबलं. ओले हात पदराला पुसत आजी दारात आल्या. धक्क्यावरची तिकिटाची खिडकी तेव्हा त्याच सांभाळायच्या.

"अहो, जिंकला होतात तर बोटीबरोबर का नाही गेलात? आणि त्या संध्याकाळी बोट दिसेनाशी होईपर्यंत माझ्या खिडकीखाली बसून 'टाकायला हवी होती, सोंगटी एकटी टाकायला हवी होती' म्हणून रडत होता तो कोण, दाताचा डॉक्टर?"