पाणी आलं की उडी

कुणाच्या घरी पिढीजात दागिना असतो, कुणाच्या घरी शेत. नाहा या जपानी बंदरातल्या कोचिंदांकडे उडी होती. कराटेतला बगळ्याचा काता, म्हणजे ठरीव हालचालींची साखळी, करताना संथ पावलं टाकता टाकता कोचिंदांचं माणूस मध्येच टुणकन उडायचं, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढं सरकायचं. बाकीच्या तालमींतले लोक म्हणायचे, बगळ्याच्या पोटी बेडूक आलाय.

कोचिंदांची लेक हारुए, तिच्या पणजोबांनी हा काता समुद्रापार, चीनच्या फूच्यौ शहरात, वंग नावाच्या गुरूच्या घरी शिकून आणला होता. परतीच्या वाऱ्याची वाट बघत जहाज थांबलं होतं, तेवढ्या दिवसांत. कात्याबरोबर कवनही आलं. हारुएनं ते पाळण्यातच ऐकलं होतं:

भरती येते तसा श्वास घे,
ओहोटी जाते तसा सोड.
बगळा उभा तसा उभा राहा,
पाणी आलं की खाली बघू नको.

हे पाणी म्हणजे काय, यावर तिच्या वडिलांनी, तालमीच्या थोरल्या सेन्सेंनी म्हणजे गुरूंनी, उभा जन्म घालवला होता. पाणी म्हणजे मोह, असं ते शिष्यांना सांगत. मोह आला की त्याच्याकडे बघू नये, उडून पार व्हावं.

आता त्यांना अठ्ठ्याऐंशी पुरी होत होती. त्या वाढदिवसाला सगळ्या आळीसमोर हा काता करायचं त्यांनी कधीपासून योजलं होतं. पण तालीम संघातल्या जाणत्यांनी बजावलं, की ही उडी कुठल्याच चिनी तालमीत नाही, तुमच्या आजोबांनी मनानं घातली असेल. फूच्यौला तरी ते गेले होते की नाही, देव जाणे. म्हाताऱ्याला ते फार लागलं.

"जाऊन विचारून ये," ते हारुएला म्हणाले. "खोटी निघाली तर त्या दिवशी मी गप बसून भात खाईन."

सोबतीला सेइशोकाका निघाले. वडिलांचे सगळ्यांत जुने शिष्य, जन्मभर टॅक्सी चालवलेले. त्यांना मोडकं चिनी येत होतं, आणि तेही अडलं की ते चहात बोट बुडवून टेबलावर अक्षरं काढत. अक्षरं दोन्ही किनाऱ्यांना एकच. उच्चार तेवढे निराळे.

फूच्यौला पोचल्यावर सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात वंग घराण्यातले आजचे गुरुजी भेटले. गोल पोटाचे, गोल हसणारे. त्यांनी आपल्या भाषेत कवन म्हटलं, टेबलावर चहानं लिहिलं, आणि हारुएच्या अंगावर काटा आला. तेच कवन. काताही तोच: तीच भरती-ओहोटी, तेच पंख, कमरेतून चाबकासारखा सुटणारा तोच झटका. फक्त पाणी आलं तेव्हा गुरुजी उडाले नाहीत. त्यांनी पोट आत ओढलं. त्यांच्याकडे पाणी म्हणजे मूत्रपिंडांतलं बळ होतं. हारुएची उडी त्यांनी दोनदा करून घेतली, मान डोलावली, आणि टेबलावर लिहिलं: सुंदर आहे. पण आमचं नाही.

चहा वाळला, अक्षरं गेली.

"आपण असं करू," काका हळूच म्हणाले. "वंग गुरुजी घरी नव्हते म्हणून सांगू."

"काका, बाबांना थाप? ते फोनवरनं माझा पाय कुठं पडलाय ते सांगतात."

दुपारी गुरुजींनी त्यांना जुन्या घरी जेवायला नेलं. माशाच्या गोळ्यांचं गरम सूप होतं. वंगांच्या त्या वाडवडिलांच्या घरात आता चार बिऱ्हाडं राहत होती. अंगणभर धुणं वाळत होतं, बदकं हिंडत होती. समोरच्या दालनात पूर्वजांच्या नावांच्या पाट्या होत्या. गुरुजींनी आग्रह धरला, की पाहुणीनं एकदा यांच्यापुढं काता करावा.

हारुए लोंगनच्या झाडाखाली उभी राहिली. परक्या घरी आपला हट्ट नको, उडी वगळायची, असं तिनं ठरवलं. नजर पाट्यांवर, खाली नाही. वाकली, निघाली. भरती. ओहोटी. बगळा. पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं उडी आवरली आणि साधं पाऊल टाकलं.

छपाक.

अंगणाच्या आरपार दगडी गटार जात होतं, लोंगनच्या पानांनी झाकलेलं. घोट्यापर्यंत पाय आत. बदकांनी एकच ओरडा केला. धुणं धुणारी बाई म्हणाली, "पाहुण्याबाई, आमच्याकडं लोक ते ओलांडून जातात."

काकांनी तिचं बोलणं जमेल तसं उलगडलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. हारुएनं पाय उपसला. बूट गटारातच राहिला. ती पुन्हा झाडाखाली गेली. भरती, ओहोटी, बगळा, पाणी... टुणकन! पलीकडे कोरडी उतरली.

गुरुजींचं हसू मावळलं होतं. ते झाडाखाली गेले, वाकले, निघाले, आणि गोल पोटासकट गटारावरून उडाले. मग जे हसत सुटले, ते खांबाला धरून खालीच बसले.

"आजोबांनी इथली तालीम सिमेंटच्या सभागृहात नेली," ते डोळे पुसत म्हणाले. "तिथं गटारच नव्हतं. आणि आम्ही इतकी वर्षं मूत्रपिंडं आवळतोय."

"आणि आम्ही मोह ओलांडतोय," काका म्हणाले, आणि तेही बसले.

मग काय, अख्खं अंगण उडायला लागलं. काका उडाले, चार बिऱ्हाडांतली पोरं उडाली, धुण्याची बादली घेऊन ती बाईसुद्धा उडाली.

संध्याकाळी हारुएनं वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"गटार?"

"हो बाबा."

"सांडपाण्याचं?"

"हो."

फोनमधून तुटक श्वास ऐकू आला. ते रडताहेत की काय, या भीतीनं तिनं रिसीव्हर घट्ट धरला. ते हसत होते.

"म्हणजे माझा आजा त्या अंगणात खरंच होता," ते म्हणाले. "पोरी, त्याचे पाय तिथंच होते गं."

वाढदिवसाला थोरले सेन्से पिवळ्या झग्यात उभे राहिले. अठ्ठ्याऐंशीच्या वाढदिवसाच्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांसाठी तांदळाच्या वाडग्यात बांबूच्या पट्ट्या खोचून ठेवल्या होत्या, माप सपाट करायच्या. तालीम संघातले जाणते पुढच्या रांगेत मांडी घालून बसले. हारुए कवन म्हणू लागली. भरती आली, ओहोटी आली, बगळा उभा राहिला. पाणी यायच्या आधी तिनं वाडग्यातली एक पट्टी उपसली आणि वडिलांच्या पुढ्यात जमिनीवर आडवी ठेवली.

त्यांनी खाली बघितलं नाही. उडाले, पट्टीच्या जाडीपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढं उंच.

टाळ्या थांबेचनात. तेव्हा ते वळले आणि पुन्हा उडून अलीकडे आले. हे मात्र कवनात कुठंच नव्हतं.