न काढलेले फोटो

"माले आते बरं वाटी ऱ्हायनं, ताई. तुन्हा मशीननी बठ्ठं दुखणं वढी लिधं." झिपरूनाना सदऱ्याच्या गुंड्या लावू लागले.

मोहिनीच्या हातात त्यांचीच फिल्म होती. उजवीकडे, छातीच्या पडद्याखाली, काळी चंद्रकोर. तिथं हवा असायचं काही कारण नव्हतं. म्हणजे जठर नाहीतर आतडं फुटलेलं. धुळे जिल्ह्यातल्या या ग्रामीण रुग्णालयात अठरा वर्षं एक्स-रे काढताना तिनं ही कोर चारदा पाहिली होती. पण निदान सांगणं डॉक्टरांचं काम. तिचं काम 'श्वास धरा, सोडा' एवढंच म्हणायचं.

एकुलते एक डॉक्टर सिझेरियनमध्ये अडकलेले. दीपमाला सिस्टरनं थिएटरच्या काचेला फिल्म लावून दाखवली आणि धावत निरोप आणला, "ऑपरेशन लागेल, धुळ्याला हलवायचंय. अ‍ॅम्ब्युलन्सला पाऊण तास आहे. तोवर धरून ठेवा."

दोघींनी समजावून पाहिलं. नाना हसले.

"पोट फुटेल माणूस हासस का? सकायले गडबडा लोळत व्हतू, आते देख!"

त्यांचंही काय चुकत होतं? पोट फुटल्यावर मधेच कधी कधी अशी फसवी उसंत मिळते. ती फिल्ममध्ये दिसत नाही, माणसाच्या तोंडावर दिसते. आणि घरचे तोंडावरच विश्वास ठेवतात. नानांच्या बायकोनं, बेबाबाईनं, पिशवी खांद्याला लावलीसुद्धा.

"चाला, चारनी एस्टी निंघी जाई."

मोहिनी दारात आडवी आली. "नाना, फोटो हलला हो. परत काढावा लागेल."

"काढ, काढ! पैलाम्हानच एवढा गुण उना."

तिनं बेबाबाईला बाहेर बसवलं, नानांना टेबलावर झोपवलं, मशीनची नळी सावकाश सरकवली, आडोशामागे गेली. "श्वास धरा... सोडा." बटण दाबलं नाही. घड्याळात सात मिनिटं सरली होती.

"आते गुडघाना बी काढी दे. दहा वरीस व्हयनात, दुखी ऱ्हायना."

जन्मात तिला कुणाच्या गुडघ्याचा एवढा आनंद झाला नव्हता. गुडघा तिनं समोरून काढला, बाजूनं काढला, वाकवून काढला. म्हणजे, काढला नाही.

"अन् हाऊ खांदा. सकायपासून ठणकस."

उजवाच. पडद्याखालच्या हवेचं दुखणं खांद्यात उमटतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं मशीन खांद्यावर आणलं. तिसऱ्यांदा 'सोडा' म्हणाली तेव्हा नानांनी श्वास सोडला तो कण्हतच. तिनं त्यांच्या पोटावर हात ठेवला, तर फळीसारखं कडक.

बेबाबाई धावत आत आली. "काय करं वं तू मन्हा माणूसले? त्या हासत व्हतात! फोटोवर फोटो काढीसन जीव घेसी का?"

बाहेर अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा वाजला.

मोहिनीला सांगता आलं असतं, की एकच काढला, बाकी सगळं नाटक होतं. पण नाटक होतं हे ऐकून तरी बेबाबाईला काय मिळणार होतं? तिनं स्ट्रेचरचं एक टोक उचललं.

"अक्का, ही फिल्म तिथल्या डॉक्टरांना आधी दाखवा. आधी."

बेबाबाईनं लिफाफा हिसकून घेतला. तिच्याकडे बघितलं नाही.

गाडी फाटकातून वळेपर्यंत मोहिनी मागच्या काचेतून दिसणारा लिफाफ्याचा तपकिरी कोपरा बघत राहिली.